पहिल्या आंबवणीचे भांडे

उकळून निववलेल्या माल्टच्या रसात यीस्ट पडले की पुढचे आठ-दहा दिवस सगळे काम एकाच भांड्यात चालते. साखर मोडून तिचा मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड होतो, वर फेसाचा जाड थर चढतो, दोन-तीन दिवसांनी तो ओसरतो आणि दमलेले यीस्ट साक्यासारखे तळाशी बसते. ही पहिली आंबवण. बीअर चांगली की वाईट हे बऱ्याच अंशी याच दिवसांत ठरते, म्हणून भांड्याची निवड महत्त्वाची.

या विषयावरची बहुतेक पुस्तके काच की प्लास्टिक, प्लास्टिक की स्टील या प्रश्नापासून सुरू होतात. ती थंड देशांत लिहिली गेली. तिथल्या घराच्या तळघरात वर्षाचा बराच काळ अठरा-वीस अंश तापमान आपोआप मिळते, तेव्हा भांडे कशाचे, एवढाच विचार उरतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावसारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांना टेकतो आणि रात्री घराच्या भिंतीही गरम लागतात. इथे पहिला प्रश्न भांडे कशाचे हा नाही. ते ठेवायचे कुठे आणि गार कसे राखायचे, हा आहे. साहित्याचा विचार त्याच्यामागून येतो.

त्याआधी कायद्याचे सांगणे भाग आहे. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय कोणतेही मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते विकायचे असो वा घरी प्यायचे. घरगुती बीअरला त्यातून सूट नाही. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ ही छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि त्यानंतर राज्यात अशा ब्रुअरी वाढल्या, त्या सगळ्या परवाना घेऊन चालतात. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरापुरती बीअर करायला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८च्या केंद्रीय कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, करमुक्त बीअर करण्याची मुभा दिली. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी मात्र ती २०१३ साली मान्य केली. बीअरसाठी भांडे घ्यायचे ते तिथल्या वाचकाने. महागावच्या वाचकाला हीच माहिती आंबील, सिरका आणि लोणच्याच्या भांड्यांसाठी उपयोगी पडते, कारण आंबवणीचे नियम सगळीकडे तेच आहेत.

आंबवणीचे भांडे या भागाला नवे नाही. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळतात, ती वेचून वाळवली की वर्षभर टिकतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक वजन साखरेचे असते. ही फुले पाण्यात भिजत घातली की बाहेरून यीस्ट घालावे लागत नाही, ते फुलांवरच असते. त्या आंबत्या मिश्रणाला ‘सडवा’ म्हणतात. उन्हाळ्यात सडवा काही दिवसांतच तयार होतो, थंडीत त्याला जास्त दिवस लागतात. पूर्वी तो मातीच्या मडक्यांत घालत. आता बेकायदा हातभट्ट्यांवरच्या धाडींच्या बातम्यांत बहुतेक वेळा प्लास्टिकच्या ड्रमांचा उल्लेख येतो. गोव्यातही काजूच्या फेणीसाठी बोंडांचा रस आंबवायला मातीचे मोठे घट वापरत, ते अनेकदा अर्धे जमिनीत पुरलेले असत. तिथेही आता प्लास्टिकचे पिंप सर्रास दिसते. भांडे जमिनीत पुरण्यामागे निरीक्षण पक्के होते. दिवसा हवा तापली आणि रात्री निवली तरी हातभर खोल मातीत तो चढउतार फारसा पोचत नाही, आणि यीस्टला गरमीइतकाच हा चढउतारही जाचतो.

आता भांड्याच्या आत काय घडते ते पाहू. २० लिटर साध्या बीअरमध्ये सुमारे दीड किलोहून थोडी अधिक साखर आंबते. त्यातून जवळपास ४०० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे भांड्याच्या आकाराच्या वीसपट वायू. म्हणून पहिली आंबवण घट्ट बंद भांड्यात कधीही करायची नाही. काचेची बरणी झाकण आवळून ठेवली तर ती फुटते, आणि फुटते तेव्हा तुकडे लांबवर जातात. वायू बाहेर जावा पण हवा आत येऊ नये, यासाठी बुचात पाण्याचा अडथळा असलेली वाकडी नळी बसवतात. बुडबुडे पाण्यातून निघून जातात, बाहेरची हवा आणि चिलटे आत शिरत नाहीत. अशी नळी नसेल तर स्वच्छ, जाड रबरी नळीचे एक टोक बुचात आणि दुसरे पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवले तरी तेच काम होते. फेस फार चढणार असेल तेव्हा तर ही जाड नळीच बरी, कारण बारीक नळी फेसाने तुंबते आणि आत दाब साचतो.

वायूबरोबर उष्णताही तयार होते. एक किलो साखर आंबताना सुमारे ५८६ किलोज्यूल उष्णता सुटते. २० लिटरच्या भांड्यात ती सगळी अडकून राहिली तर रसाचे तापमान दहा-अकरा अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता भांड्याच्या भिंतीतून निघून जाते, तरी ऐन आंबवणीत रस खोलीपेक्षा तीन ते पाच अंश गरम असतो. खोली ३० अंशांवर असेल तर रस ३४ला पोचतो. एल प्रकारच्या बीअरच्या सामान्य यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात, लागर प्रकारच्या यीस्टला ८ ते १४. त्याच्या फार वर गेले की यीस्ट मरत नाही, पण जड मद्यार्के आणि उग्र वासाचे पदार्थ तयार करते. अशी बीअर चढते, डोके धरते आणि तिचा वास सॉल्व्हंटची आठवण करून देतो. नॉर्वेच्या शेतघरांतून आलेली ‘क्वाइक’ जातीची यीस्टे याला अपवाद आहेत. ती ३० ते ४० अंशांतही स्वच्छ चवीची बीअर देतात, त्यामुळे उष्ण प्रदेशातल्या घरगुती ब्रुअरांमध्ये ती लोकप्रिय झाली आहेत. पण यीस्ट कोणतेही असले तरी भांड्याला उष्णता बाहेर टाकता आली पाहिजे.

इथे भांड्याचा आकार साहित्याइतकाच निर्णायक ठरतो. आकारमान वाढते तसे आतल्या द्रवाच्या मानाने भिंतीचे क्षेत्रफळ कमी पडत जाते. पाच लिटरचे भांडे ओल्या फडक्यानेही निवते, पन्नास लिटरचे पिंप आतून गरमच राहते. गरम प्रदेशात एका मोठ्या पिंपापेक्षा दहा-दहा लिटरची दोन भांडी केव्हाही बरी. ब्रुअरींना हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवावा लागतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत बीअरचे कारखाने आहेत. त्यांच्या उंच, तळाशी निमुळत्या टाक्यांच्या भिंतींत थंड द्रव फिरवणारी आवरणे असतात. ते आवरण नसेल तर एवढा रस हाताबाहेर जाईल.

घरी ओले फडके आणि पाणी हेच साधन. भांडे पाण्याने अर्ध्या भरलेल्या घमेल्यात उभे करायचे, त्याच्याभोवती सुती कापड गुंडाळून कापडाची टोके पाण्यात सोडायची. कापड पाणी वर ओढते, ते उडून जाताना भांड्याची उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी थंड होते तेही याच कारणाने. ही युक्ती किती चालेल हे हवेतल्या ओलाव्यावर ठरते. विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात, ४२ अंशांच्या दुपारीही ओले कापड बावीस-तेवीस अंशांपर्यंत उतरू शकते. श्रावणात हवेत ओलावा इतका असतो की २८ अंशांच्या दिवशी जेमतेम दोन अंश कमी होतात. म्हणजे कडक उन्हाळ्यापेक्षा पावसाळा अधिक अडचणीचा, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नवल वाटते पण खरी आहे. सर्वांत सोपा काळ मार्गशीर्ष-पौषाचा. तेव्हा पुस आणि पैनगंगेच्या काठच्या गावांत रात्री पारा बारा-पंधरापर्यंत येतो आणि दिवसाचा चढ पाण्याच्या घमेल्यात मुरून जातो. भांडे घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला, फरशीवर ठेवायचे. पत्र्याच्या छताखाली माळ्यावर कधीही नाही.

आता साहित्याकडे वळता येईल. मातीचे मडके निवते चांगले, पण बीअरसाठी ते चालत नाही. ज्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपून ते थंड होते, त्याच छिद्रांत मागच्या खेपेचे जिवाणू राहून जातात आणि कितीही घासले तरी निघत नाहीत. हवाही आत येते, आणि हवा मिळाली की सिरक्याचे जिवाणू मद्यार्काचे आम्ल करतात. हेच मडके आंबिलीसाठी मात्र उत्तम. ज्वारीचे पीठ पाण्यात किंवा ताकात कालवून रात्रभर मडक्यात ठेवले की आंबते ते मुख्यतः लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंमुळे. तिथे मागच्या खेपेचे जिवाणू छिद्रांत राहिले तर फायदाच, कारण पुढची आंबील लवकर आणि एकसारखी होते. तीच छिद्रे एका कामाला उपयोगी आणि दुसऱ्याला घातक ठरतात. मडक्याचा गारवा आणि गुळगुळीत भांड्याची स्वच्छता दोन्ही हवे असतील तर पाण्याने भरलेल्या रांजणात स्टीलचा डबा उभा करणे हा मार्ग आहे. रस डब्यात राहतो, रांजण बाहेरून झिरपत राहतो, आणि दोघांमधले पाणी चढउतार थोपवते.

चिनी मातीची बरणी म्हणजे काचलेप दिलेले भांडे. लेप अखंड असेल तर आत काही मुरत नाही, आम्ल आणि मीठ दोन्ही ती सहज सोसते, उजेड आत येत नाही, जाड भिंतीमुळे तापमान हळूहळू बदलते. लोणच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या हीच वापरली गेली आणि योग्य कारणाने. बीअरसाठी तिच्या दोन अडचणी आहेत. मोठ्या आकारात ती जड होते, आणि तोंडावर दादरा बांधून हवा थांबत नाही, घट्ट बूच बसवणेही कठीण जाते. लेपाला तडा गेलेली किंवा आत रंगीत नक्षी असलेली जुनी बरणी आंबट पदार्थाला वापरू नये, कारण जुन्या लेपांत आणि रंगांत शिसे असू शकते आणि आम्ल ते बाहेर काढते.

तांबे-पितळेला थारा नाही. बीअरची आम्लता पीएच चार ते साडेचारच्या आसपास असते, एवढ्या आंबट द्रवात तांबे विरघळू लागते. कल्हई केलेले भांडे दोन-चार तासांच्या आंबट वरणाला चालते, आठवडाभराच्या आंबवणीला नाही. कल्हई झिजली की खालचे पितळ उघडे पडते आणि ते दिसायला वेळ लागतो. अॅल्युमिनियमची पातेली आणि कॅनही आंबटाने झिजतात, तेही टाळावे.

काच हे सर्वांत स्वच्छ साहित्य. तिला वास लागत नाही, तिच्यातून हवा जात नाही, ओरखडा पडत नाही, आत काय चालले आहे ते दिसते. पण दिसते म्हणजेच उजेड आत जातो. बीअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांमधली कडू द्रव्ये उजेडात मोडली की त्यांतून गंधकयुक्त असे एक संयुग तयार होते, अतिशय कमी प्रमाणातही त्याचा घाणेरडा वास येतो. उन्हात हे काही मिनिटांत घडते. त्यामुळे काचेच्या बरणीला जाड काळे कापड गुंडाळणे गरजेचे. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. २० लिटर रस भरलेली काचेची बरणी पंचवीस किलोंच्या घरात जाते, ओल्या हातांनी ती निसटते आणि मनगटावर किंवा पायावर फुटली तर शिरा कापल्या जातात. घरगुती ब्रुइंगमधल्या गंभीर अपघातांत काचेच्या मोठ्या बरण्यांचे अपघात नेहमी सांगितले जातात. उकळता रस तिच्यात ओतला तर ती तडकते. काच वापरायचीच असेल तर पाच लिटरपर्यंत, आणि दुधाच्या क्रेटमध्ये ठेवून.

प्लास्टिक हलके, स्वस्त आणि सहज मिळणारे. खाद्यपदार्थांसाठी बनवलेली एचडीपीई बादली नव्याने शिकणाऱ्याला पुरेशी आहे. तिच्या तळावर त्रिकोणात २ हा आकडा असतो, पेट बाटल्यांवर १. दोन्हींतून हवा थोडी थोडी आत झिरपते, पण पहिल्या आंबवणीच्या आठ-दहा दिवसांत तिने काही बिघडत नाही, उलट वायू सतत बाहेर पडत असतो. महिनोन्‌महिने मुरवायचे असेल तेव्हाच ती उणीव जाणवते. प्लास्टिकचा खरा शत्रू ओरखडा. घासणीने पडलेल्या बारीक चिरेत जिवाणू लपतात आणि कोणतेही औषध तिथे पोचत नाही. म्हणून प्लास्टिकचे भांडे मऊ फडक्याने धुवायचे आणि चरे दिसू लागले की दुसऱ्या कामाला काढायचे. पेट साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात आकसते, त्यात उकळते पाणी ओतू नये.

बाजारात मिळणाऱ्या निळ्या वापरलेल्या ड्रमांविषयी मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. या ड्रमांत आधी रंग, कीटकनाशक, औद्योगिक आम्ल किंवा सॉल्व्हंट असू शकते. एचडीपीई अशी द्रव्ये आत शोषून घेते, आणि मद्यार्क असलेला द्रव ती पुन्हा बाहेर खेचतो. कितीही धुतले, उन्हात ठेवले तरी असा ड्रम खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी पुन्हा सुरक्षित होत नाही. आंबील असो, सिरका असो वा बीअर, आधी काय होते हे खात्रीने माहीत नसलेला ड्रम घरात आणूच नये.

राहिले स्टेनलेस स्टील, आणि महागावसारख्या ठिकाणी तेच सगळ्यांत योग्य ठरते. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर पृष्ठभागावर तयार होतो आणि ओरखडला तरी हवेत पुन्हा भरून येतो. उकळते पाणी चालते, पडले तर पोचा येतो पण फुटत नाही, उजेड आत जात नाही. उष्णता प्लास्टिकपेक्षा कितीतरी लवकर बाहेर जाते, त्यामुळे ओल्या कापडाचा खरा फायदा स्टीलच्या भांड्यालाच मिळतो. दूध संकलनाला वापरतात तशी रबरी वॉशरच्या झाकणाची स्टीलची कॅन या कामाला हाताशी असलेले भांडे आहे. ती अॅल्युमिनियमची नाही ना, हे घेताना पाहावे. झाकणाला नळीपुरते भोक पाडून रबरी बूच बसवले की झाले. वॉशर नवीन घालायची, जुन्या वॉशरला दुधाचा वास असतो. स्टीलला पथ्य आहे ते क्लोरीन आणि मिठाचे. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात रात्रभर भिजवलेल्या स्टीलला बारीक खड्डे पडतात. मिठानेही तेच होते, म्हणूनच खारवलेल्या कैऱ्या आणि लोणची वर्षभर स्टीलमध्ये ठेवू नयेत, त्यांना बरणीच बरी.

आकार ठरवताना वर मोकळी जागा सोडावी लागते. २० लिटर रसाला २५ लिटरचे भांडे हवे, गव्हाच्या बीअरला त्याहून थोडे मोठे, कारण तिचा फेस उंच चढतो. तोंड हात आत जाईल इतके रुंद असावे. अरुंद तोंडाच्या भांड्यात फेस वाळून आतल्या खांद्यावर जो तपकिरी थर चिकटतो तो ब्रशने निघत नाही, आणि निघाला नाही तर पुढची खेप बिघडते. तळाशी नळ असला तर बीअर काढणे सोपे होते, पण नळ सुटा करून धुता आला पाहिजे. न सुटणाऱ्या नळाच्या आतल्या फटीत जमलेला मळ हे पुढची बीअर आंबट होण्याचे नेहमीचे कारण. साका वेगळा काढण्यासाठी पूर्वी आठवड्याने बीअर दुसऱ्या भांड्यात ओतत. त्यात हवा मिसळते आणि एक भांडे वाढते. दोन-तीन आठवड्यांच्या आत बीअर बाटलीत जाणार असेल तर त्याची गरज नाही.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये दगडी चौकोनी हौदांत आणि ब्रसेल्सच्या आसपास लाकडी पिंपांत आजही बीअर आंबवतात. यॉर्कशायरच्या हौदांत ती वरून उघडीच आंबते, आणि फेसाचा जाड थर तिचे बऱ्यापैकी रक्षण करतो. ती थंड हवेची सोय आहे. महागावात गोड रस उघडा राहिला की तासाभरात चिलटे घोंगावतात, आणि त्यांच्या पायांना सिरक्याचे जिवाणू असतात. इथे झाकण आणि नळी हवीच.

स्वच्छतेचा क्रम दोन पायऱ्यांचा आहे. आधी मळ काढायचा, मग जंतू मारायचे. मळ असताना जंतुनाशक वापरले तर ते मळावरच खर्च होते. सोडियम परकार्बोनेटच्या कोमट पाण्यात भांडे तासभर भिजवले की चिकटलेला थर सुटतो. मग स्टीलला उकळते पाणी, प्लास्टिकला आयोडीनयुक्त जंतुनाशक पुरते. लोणच्याच्या बरणीला घरोघरी हिंगाची धुरी देतात, त्याने बरणी पूर्ण कोरडी होते आणि वास छान लागतो. आंबवणीच्या भांड्याला मात्र ती पुरेशी नाही, आणि तो वास बीअरला लागेल तो वेगळाच.

नवे भांडे घेतल्यावर रस भरण्याआधी ते पाण्याने काठोकाठ भरून कागदावर एक दिवस ठेवावे. कागद ओला झाला तर नळ किंवा जोड गळतो आहे. मग पाणी अर्धे काढून झाकण बसवावे आणि नळीत हलकी फुंकर मारावी. नळी पेल्यात बुडवल्यावर बुडबुडा झाकणाच्या कडेने न निघता पेल्यातच आला पाहिजे. ही चाचणी रसाऐवजी पाण्यावर झालेली बरी, कारण रस एकदा यीस्टसह भरला की पुढचे दहा दिवस ते भांडे हलवायचे नसते.